गिधाडांना फसवणारा वास

स्वयंपाकघरात गॅस सुटला की कसा कळतो? नाकाने! शी, कुजक्या कोबीसारखा वास येतो. हो ना?

आता कान जरा इकडे कर. गुपित आहे. गॅसला मुळात वासच नसतो!

अगदी खरं! सिलिंडरमध्ये असतात प्रोपेन आणि ब्युटेन. दोघेही डोळ्यांना दिसत नाहीत, नाकालाही कळत नाहीत. लपाछपीत असले गडी कुणाला सापडणार?

म्हणून एक युक्ती केली. गाय झाडीत दिसेनाशी झाली तरी गळ्यातल्या घंटेवरून कळते ना, तशी गॅसच्या गळ्यात वासाची घंटा बांधली! या घंटेचं नाव इथिल मरकॅप्टन. ते चिमटीच्याही चिमटीएवढं मिसळलं तरी आपलं नाक लगेच मुरडतं.

ही घंटा किती गरजेची, ते एका वाईट दिवशी कळलं. १९३७ साली अमेरिकेत, टेक्सासमधल्या एका शाळेत बिनवासाचा गॅस गुपचूप साठला आणि स्फोट झाला. खूप मुलं गेली. त्यानंतर तिथे गॅसला वास देण्याचा कायदाच झाला.

आणि गंमत ऐक! मेलेलं जनावर कुजतं ना, त्यातूनही हेच मरकॅप्टन बाहेर पडतं. अमेरिकेतली टर्की व्हल्चर नावाची गिधाडं वासावरून आपलं जेवण शोधतात. मग लांबलचक पाइपलाइन कुठे गळतेय, हे तिथल्या कामगारांनी कसं ओळखलं असेल? आकाशात बघून! गिधाडं घिरट्या घालताहेत, म्हणजे गळती तिथेच! बिचारी पंगतीला आली आणि पानात काहीच नाही! (आपल्याकडची गिधाडं अशी फसली नसती. ती नाकापेक्षा डोळ्यांवर भिस्त ठेवतात.)

बरं, सिलिंडरमधून सुटलेला गॅस जातो कुठे? वर? चूक! तो हवेपेक्षा जड. सांडलेल्या पाण्यासारखा जमिनीवरून पसरतो. ओट्याखाली, कोपऱ्यात, मोरीकडे. म्हणून वरची खिडकी उघडून भागत नाही, दारंही सताड उघडायची. (शहरांत पाइपने येणारा गॅस मात्र वेगळा. तो हलका, छताकडे पळतो!) आणि सिलिंडरमध्ये हा गॅस पातळ करून भरलेला असतो. त्यातला वाटीभर बाहेर आला, तर गॅस होतो साधारण २५० वाट्या! एका वाटीत अख्ख्या वर्गाची खिचडी शिजावी तसं.

वास आला की पंखा लावावासा वाटतो. मोठ्यांनासुद्धा! पण नाही, बटणाला हातच लावायचा नाही. लावायचं नाही, आणि चालू असेल ते बंदही करायचं नाही. खटका पडताना बटणाच्या पोटात इवलीशी ठिणगी उडते. गॅसला तेवढीच पुरते!

शेगडी आणि रेग्युलेटर बंद करणं मोठ्यांचं काम. तुझं काम मोठ्याने हाक मारणं आणि घराबाहेर पडणं. फोनसुद्धा बाहेर गेल्यावरच! सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६, आग लागली तर १०१. आजच फ्रिजवर चिकटवून टाक.

आता एक हेरगिरी! सिलिंडरच्या डोक्यावरची गोल कडी ज्या उभ्या पट्ट्यांवर असते ना, त्यातल्या एका पट्टीच्या आतल्या बाजूला इंग्रजी अक्षर आणि आकडा रंगवलेला असतो. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. आकडा वर्षाचा. ‘सी-२८’ असेल तर? २०२८च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये त्या सिलिंडरची पुन्हा तपासणी. सिलिंडरचीही परीक्षा असते बरं!

आज आईला किंवा बाबांना घेऊन तुमच्या सिलिंडरची तारीख वाच. उलटून गेली असेल, तर तो बदलून मागायला सांग!