ब्रिटनमधील आंतरराष्ट्रीय अभ्यास: व्याख्यानांपासून नोकरीपर्यंत

आंतरराष्ट्रीय राजकारणाचे जगातील पहिले अध्यासन १९१९ मध्ये वेल्समधील ॲबेरिस्टविथ येथे स्थापन झाले. पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ मिळालेल्या देणगीतून ते उभे राहिले. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये आज चॅटम हाउस म्हणून ओळखली जाणारी संस्था निघाली. तिचा १९२७ चा नियम आजही जगभर पाळला जातो: चर्चेतील माहिती वापरावी, पण ती कोणी दिली हे सांगू नये. विद्यार्थ्याने तो पहिल्याच परिसंवादाआधी समजून घेतलेला बरा, कारण टिपणे कशी काढायची हे त्यावरच ठरते. डॉ. आंबेडकर जिथे शिकले त्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील बहुतेक सार्वजनिक व्याख्याने विनामूल्य आणि सर्वांसाठी खुली असतात.

नोकरीचे गणित मात्र व्हिसावर अडते. पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना साधारणपणे आठवड्याला २० तासच काम करता येते. शिक्षणानंतरचा ‘ग्रॅज्युएट रूट’ हा व्हिसा २०२१ मध्ये दोन वर्षांच्या मुदतीने सुरू झाला. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना, पीएचडीधारक वगळता, १८ महिनेच मिळतील. ब्रिटिश परराष्ट्र खात्यातील राजनैतिक पदे ब्रिटिश नागरिकांपुरती असल्याने भारतीय विद्यार्थ्यांचा ओढा संशोधनसंस्था, स्वयंसेवी संघटना आणि सल्लागार कंपन्यांकडे राहतो. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती घेणाऱ्यांना तर शिक्षण संपल्यावर किमान दोन वर्षांसाठी मायदेशी परतावेच लागते. विद्यापीठाच्या करिअर विभागाकडे पहिल्याच सत्रात जावे. कारण मोठ्या कंपन्यांच्या भरतीचे अर्ज शरद ऋतूतच सुरू होतात.