चाकू वीस हजारपट केला तर

खिशातल्या घडीच्या चाकूचं पातं 58 रॉकवेलचं बरं की 60 चं, यावर हौशी माणसं तासन्‌तास वाद घालतात. दोन अंकांचा फरक म्हणजे असतो तरी केवढा? कठीणपणा मोजणाऱ्या रॉकवेलच्या 'सी' मोजपट्टीत हिऱ्याचा शंकू पोलादावर टेकवतात, भार 150 किलोपर्यंत नेतात आणि तो उतरवल्यावर खड्डा किती खोल राहिला ते बघतात. दर 2 मायक्रॉनला शंभरातून एक अंक वजा. 60 च्या पोलादात खड्डा 80 मायक्रॉनचा, 58 च्यात 84 चा. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड. म्हणजे वाद चाललाय तो केसाच्या सतराव्या-अठराव्या हिश्श्यावरून.

तरी तो खुळेपणा नाही. चांगल्या धारेची अगदी पुढची कड जेमतेम अर्धा मायक्रॉन रुंद असते. तिच्या एका सेंटिमीटरवर एक किलोचा जोर आला, तर हिशेबाने चौरस सेंटिमीटरला 20 टन दाब होतो. मारियाना गर्तेच्या तळाशीसुद्धा तो टनापेक्षा थोडाच जास्त असतो. आणि ते 20 टन आपण टोमॅटोवर आणतो!

आता चाकू वीस हजारपट मोठा करून बघू. आठ सेंटिमीटरचं पातं 1.6 किलोमीटर लांब होईल, त्याची तीन मिलिमीटरची पाठ वीस मजली इमारतीएवढी, 60 मीटर. केस दीड मीटर जाडीचा ओंडका. आणि धार? एक सेंटिमीटर, करंगळीएवढी.

या आकारात पोलादाच्या पोटातलं दिसू लागतं. पोलाद एकजीव नसतं. त्यात कार्बाइडचे, म्हणजे कार्बन आणि धातूच्या संयुगाचे, कठीण खडे असतात, आणि धार टिकते ती बरीचशी त्यांच्या जिवावर. डी2 या जुन्या, नेहमीच्या पद्धतीने ओतलेल्या पोलादात 20-30 मायक्रॉनचे खडे सापडतात. आपल्या चाकूत ते अर्ध्या मीटरचे धोंडे झाले. करंगळीएवढ्या काठामागे असा धोंडा! आजूबाजूचं पोलाद झिजलं की तो निखळतो आणि टवका उडतो. एमआयटीच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं, की पात्याच्या पन्नासपट मऊ असलेला केसही वस्तऱ्याच्या पात्याचा टवका काढू शकतो; त्यालाही पोलादातला असमानपणाच कारण.

उपाय निघाला तो पावडरचा. वितळलेल्या पोलादावर वायूचा झोत मारून त्याची भुकटी करायची. कण क्षणात थिजतो, खड्याला वाढायला सवडच मिळत नाही. मग ती भुकटी प्रचंड दाबाखाली तापवून एकसंध करायची. खडे उरतात दोन-तीन मायक्रॉनचे, आपल्या चाकूत लिंबाएवढे. 2001 चं एस30व्ही हे पोलाद असंच घडलं.

गंजाचा हिशेब तर चक्क उलटा. डी2 मध्ये क्रोमियम 12 टक्के, तरी ते पुरतं स्टेनलेस नाही. बरंचसं क्रोमियम त्या धोंड्यांतच अडकून पडतं. धातुशास्त्रज्ञ लॅरिन थॉमस यांनी 2021 मध्ये आणलेल्या मॅग्नाकट या पोलादात ते 10.7 टक्केच, पण सगळं मोकळं, म्हणून ते डी2 पेक्षा कितीतरी कमी गंजतं. गंज अडवणारा थर असतो दोन-तीन नॅनोमीटरचा. वीस हजारपट करूनही तो कागदाहून पातळच.

कठीणपणाची मात्र किंमत मोजावी लागते. विकर्स मोजपट्टीवर 60 रॉकवेलचं पोलाद 700 च्या आसपास, क्रोमियम कार्बाइड 1500, धार लावायचा अ‍ॅल्युमिनाचा दगड 2000 आणि व्हॅनेडियम कार्बाइड 2800. एस90व्ही या पोलादात व्हॅनेडियम 9 टक्के. म्हणजे त्याचे खडे दगडालाच ओरबाडणार. हिऱ्याची पट्टी आणा, नाहीतर घासत बसा.

माझ्या खिशातल्या चाकूचं पोलाद साधं 420एचसी आहे, कार्बन अर्धा टक्काही नाही. लवकर बोथटतं, कबूल. पण चिनीमातीच्या कपाच्या बुडाच्या खरखरीत कडेवर सात-आठ वेळा ओढलं, की पुन्हा आंबा चिरायला तयार.