राजीनामा तुमचा, कागदही तुमचेच!

नवी ऑफर हातात पडली की दोन दिवस आपण नुसते हवेत असतो. वाढलेलं पॅकेज, नवं ऑफिस, नवं आयडी कार्ड... तिसऱ्या दिवशी आठवतं, अरेच्चा, अजून बॉसच्या केबिनमध्ये जायचंय! इंटरव्ह्यू कसा द्यावा हे शिकवणारे क्लास गल्लोगल्ली आहेत. नोकरी सोडावी कशी, हे मात्र कुणीच शिकवत नाही.

माझ्या एका मैत्रिणीचंच बघा ना. हिंजवडीतल्या एका कंपनीत तिने चार वर्षं काढली. नोटीस नव्वद दिवसांची. त्यातले साठ दिवस तिने इमानेइतबारे भरले आणि उरलेल्या तीस दिवसांचे पैसे भरायची तयारी दाखवली. अपॉइंटमेंट लेटरमध्ये तशी सोयही होती. तरी मॅनेजरसाहेब म्हणाले, "रिलीव्हिंग लेटर कसं मिळतं तेच बघतो!" आणि नवी कंपनी लेटरशिवाय जॉइन करून घेईना. आठवडाभर पोरगी झोपली नाही. रोज रात्री फोनवर तिचा एकच प्रश्न, "हे मला अडवू शकतात का गं?"

तिच्यासाठी म्हणून मी कायदे आणि कोर्टाचे निकाल चाळायला घेतले. हाती लागलं ते सगळ्यांच्याच कामाचं आहे.

अडवता येतं का?

नाही. नोटीस पीरियड हा तुमच्या आणि कंपनीच्या करारातला भाग. तो मोडलात तर कंपनी नोटीसचे पैसे किंवा वाजवी भरपाई मागू शकते; पण हाताला धरून खुर्चीत बसवू शकत नाही. एअर इंडियाच्या एका कर्मचाऱ्याच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०१८ साली सांगितलंय की, राजीनामा देणं हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे. अर्थात करारातल्या अटी पाळायच्या, आणि तुमच्याविरुद्ध चौकशी चालू असेल तर गोष्ट वेगळी.

बाँड मात्र हसण्यावारी नेऊ नका. तेव्हाच्या विजया बँकेचा एक ऑफिसर तीन वर्षं पुरी व्हायच्या आत दुसऱ्या बँकेत गेला. त्याने लिहून दिलेला दोन लाखांचा बाँड सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये वैध ठरवला. सरकारी बँकेला भरतीवर पुन्हा खर्च करावा लागतो, हे कोर्टाने लक्षात घेतलं. तेव्हा सही करण्याआधी बारीक अक्षरंही वाचा, बॉस!

"सोडल्यावर वर्षभर आमच्या स्पर्धकाकडे जायचं नाही" अशीही एक अट असते. ती बहुतेक वेळा कागदावरच राहते. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ अशी बंधनं मानत नाही. क्रिकेटर झहीर खान आणि त्याचं काम बघणारी कंपनी यांच्यातल्या २००६ च्या निकालातही करार संपल्यानंतरचं बंधन कोर्टाने अमान्य केलं. म्हणून कंपनीचा डेटा पेनड्राइव्हवर घेऊन निघायचं, असं मात्र नाही हं!

पैसे कधी?

'फुल अँड फायनल'साठी महिना-दीड महिना ताटकळायची आपल्याला सवय झाली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली. राजीनामा देणाऱ्याचा उरलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा, असं ती सांगते. ग्रॅच्युइटीला तीस दिवसांची मुदत आहे. आणि नोटीसच्या रकमेवर कुणी जीएसटी लावला, तर ऑगस्ट २०२२ चं सरकारी परिपत्रक दाखवा. त्या रकमेवर जीएसटी लागत नाही.

रेफरन्सचं काय?

खासगी कंपनीने तुमच्याबद्दल गोड बोललंच पाहिजे, असा कायदा नाही. तो मर्जीचा मामला. पण खोटं सांगून तुमचं नाव खराब केलं, तर बदनामीचा कायदा आहे. म्हणून रेफरन्ससाठी एकाच साहेबावर विसंबू नका. ज्यांच्याबरोबर खरंच काम केलंय अशा दोघा-तिघांना आधी विचारून ठेवा.

आणि आपले कागद आपणच जमवा. राजीनामा मेलवरच द्या आणि स्वतःच्या पर्सनल आयडीला कॉपी ठेवा, कारण शेवटच्या दिवशी ऑफिसचा मेल बंद होतो. राजीनामा पोचल्याचं उत्तर, सगळ्या सॅलरी स्लिप्स, फॉर्म १६ जपून ठेवा. पीएफचं पासबुक तर हुकमाचा एक्का! कुठल्या कंपनीने कुठल्या महिन्याचे पैसे भरले, ते त्यात दिसतं. कंपनीने सोडल्याची तारीख टाकली नाही, तर नोकरी सोडून दोन महिने झाल्यावर ती पोर्टलवर तुम्हालाच टाकता येते. ही सोय २०२० पासून आहे.

माझ्या मैत्रिणीने हेच केलं. पासबुक, स्लिप्स आणि राजीनामा पोचल्याची मेल नव्या कंपनीच्या एचआरपुढे ठेवली, रिलीव्हिंग लेटर नंतर देईन असं लिहून दिलं आणि ठरल्या तारखेला जॉइन झाली. लेटर दीड महिन्याने आलं, तेही वकिलाची नोटीस गेल्यावर.

तेव्हा मंडळी, निरोपाच्या केकवर सुरी फिरवण्याआधी एकदा फाइल तपासा. हँडओव्हर नीट द्या, भांडण टाळा, सगळ्यांना हसून भेटा. पण कागद हातात नसतील, तर नुसत्या हसण्यावर भिस्त ठेवू नका!