भिंतीवरचं मॉस आणि आपली हवा

२०१३च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात वनखात्याच्या शास्त्रज्ञांनी झाडांच्या खोडांवरून मॉसचे ३४६ नमुने काढून आणले. तपासणीत कॅडमियम हा विषारी धातू दोन ठिकाणी एकवटलेला दिसला. दोन्हीकडे रंगीत काच बनवणारे कारखाने होते. मग एका कारखान्याजवळ हवा मोजणारं यंत्र बसवलं, तेव्हा मॉस खरं सांगत होतं हे कळलं. २०१६च्या फेब्रुवारीत कारखान्यांनी कॅडमियम वापरणं थांबवलं.

मी दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या मंद्रूपला विज्ञान शिकवते. ब्रायोफायटाचा, म्हणजे मॉसच्या गटाचा, धडा आला की मुलांना शाळेच्या पाण्याच्या टाकीखाली नेते. नळ गळतो त्या भिंतीला ऊन लागत नाही. श्रावणात तिथे मॉसची हिरवी मखमल चढते. त्यातलं एक पान सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की जवळजवळ सगळं एकाच पेशीच्या जाडीचं दिसतं, आरपार उजेड जाणारं. उन्हाळ्यात हेच मॉस कोळपून तपकिरी होतं, पण पाण्याचे दोन थेंब पडले की काही मिनिटांत पानं उलगडतात. मुलं श्वास रोखून बघतात.

मॉस हवेतले धातू कसं टिपतं, ते या साध्या रचनेतच आलं. मॉसला खरी मुळं नाहीत. बुडाशी धागे असतात, ते मुख्यतः धरून राहण्यापुरते. पानांवर मेणाचा जाड थर नाही. त्यामुळे पाणी आणि क्षार ते पावसातून, दवातून, धुळीतून थेट अंगात घेतं. त्याच्या पेशीभित्तिकांवर ऋण भार असतो, धातूंचे धनभारित आयन तिथे चिकटून राहतात. शिसं, कॅडमियम, जस्त महिनोन् महिने साठत जातं. स्वीडनच्या रूलिंग आणि टायलर यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस मॉसमधले धातू मोजून हवा जोखायची पद्धत मांडली. १९९०पासून युरोपातले देश दर पाच वर्षांनी असे नमुने गोळा करतात.

आपल्याकडे महाबळेश्वर परिसरात हवा जोखायला लायकेन वापरलं गेलंय. गोड्या मसाल्यात आपण टाकतो ते दगडफूल म्हणजे लायकेनच. पण सोलापूरच्या कोरड्या हवेत मॉस वाढतं ते पावसाळ्यापुरतं. त्यावर तोड १९७१मध्येच वेल्समधल्या स्वान्सी इथे निघाली होती: स्वच्छ जागेचं मॉस धुऊन नायलॉनच्या जाळीच्या पिशवीत भरायचं, हव्या त्या जागी काही आठवडे टांगायचं, मग प्रयोगशाळेत आधीचं आणि नंतरचं ताडून बघायचं.

हे इथे कशाला? सोलापूर शहर २०१९च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे. पण धूर आणि धूळ महापालिकेच्या हद्दीवर थांबत नाहीत. आमच्या दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडीला १३२० मेगावॉटचं कोळशावरचं वीजकेंद्र आहे, होटगीकडे सिमेंटचा कारखाना आहे, आणि विजापूर रोडवरची वाहतूक मंद्रूपवरूनच जाते. यातलं कोण किती सोडतं, हे मी घरबसल्या म्हणणार नाही. मोजायला मात्र हवं. महागडं यंत्र गावोगावी बसणार नाही. पिशव्या टांगता येतील, आणि यंत्र नेमकं कुठे हवं ते त्या दाखवतील.

एक सावधगिरी फार महत्त्वाची. आमची काळी माती बेसॉल्टची, म्हणजे लोह आणि टायटॅनियम तिच्यात मुळातच भरपूर. नांगरट झाली, वारा सुटला की तीच माती मॉसवर बसणार. पिशवीत लोह सापडलं म्हणून कुणाच्या चिमणीकडे बोट दाखवणं चूक. म्हणून शेतातल्या मातीचेही नमुने घ्यायचे आणि टायटॅनियमच्या प्रमाणावरून मातीचा वाटा वेगळा काढायचा. शिवाय घनमीटर हवेमागे धातू किती मायक्रोग्रॅम, हे मॉस सांगत नाही. कुठे जास्त, कुठे कमी, एवढंच सांगतं.

सोलापूरच्या अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाला माझी विनंती आहे: धातूंच्या तपासणीची व्यवस्था तुम्ही करा. पिशव्या शिवायला, टांगायला आणि नोंदी ठेवायला तालुक्यातल्या शाळा आहेत, आमची शाळा पहिली.