स्लॉट सामाईक, विद्या वेगळ्या

वॉरलॉकचा हिशेब आज मांडायचा होता, तो आठवडाभर थांबेल. मागच्या लेखातलं स्लॉटचं कोष्टक वाचून ठाण्याच्या एका वाचकांनी प्रश्न पाठवलाय आणि तो इतका नेमका आहे की आजची सगळी जागा त्यालाच. त्यांचं कॅरेक्टर पॅलॅडिन २, सॉर्सरर ६. कोष्टकाप्रमाणे चौथ्या पातळीचा एक स्लॉट पदरात पडतो. पण चौथ्या पातळीचा स्पेल शिकायला गेले तर डीएम नाही म्हणतो. मग स्लॉट दिला कशाला?

डीएमचं बरोबर आहे आणि स्लॉटही तुमचाच आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या जातात. स्लॉट मोजताना क्लास एकत्र येतात: सॉर्सररच्या सहाच्या सहा लेव्हल, पॅलॅडिनच्या निम्म्या म्हणजे १, एकूण ७. कोष्टकाची सातवी ओळ म्हणते ४, ३, ३, १. स्पेल कोणते येतात हे ठरवताना मात्र प्रत्येक क्लास जणू एकटाच आहे असं धरायचं. सहा लेव्हलच्या सॉर्सररला तिसऱ्या पातळीपर्यंतचे स्पेल येतात, दोन लेव्हलच्या पॅलॅडिनला फक्त पहिल्या पातळीचे. घरात धान्याची कोठी एकच असावी आणि दोन सुना आपापल्या माहेरचं रांधत असाव्यात, तसा हा प्रकार. कोठी भरली म्हणून नवा पदार्थ येत नाही.

तर तो चौथा स्लॉट वापरायचा कुठे? एक वाट सरळ आहे. फायरबॉल तिसऱ्या पातळीवर सहा बाजूंच्या आठ फाशांचा असतो, चौथ्या पातळीच्या स्लॉटमधून टाकला की नऊ फाशांचा. चांगलंच आहे, पण या मेळाची खरी मजा दुसऱ्या वाटेवर आहे. पॅलॅडिनचा डिव्हाइन स्माइट स्लॉट मागतो, तो कोणत्या क्लासमुळे आला हे विचारत नाही. पहिल्या पातळीच्या स्लॉटला आठ बाजूंचे दोन फासे, पुढे दर पातळीला एकेक वाढत कमाल पाच. समोर अनडेड किंवा फीन्ड असेल तर आणखी एक. आणि स्माइट करायचा की नाही, हे वार बसल्यावर ठरवायचं असतं. या एका सवलतीत या मेळाचं सगळं बळ आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या टेबलावर हाच मेळ एका रेथसमोर उभा होता. रेथचे हिट पॉइंट्स ६७. फायरबॉलचा तिथे उपयोग बेताचाच, कारण आगीचं नुकसान रेथला निम्मंच होतं. आमच्या खेळाडूनं दोन फेऱ्या नुसती तलवार चालवली, चौथा स्लॉट मुठीत धरून बसला. तिसऱ्या फेरीत २० पडला. क्रिटिकल हिटला स्माइटचे फासेही दुप्पट होतात, म्हणजे पाच आणि अनडेडचा एक अशा सहाचे बारा. आठ बाजूंचे बारा फासे एकाकडे कुठून असणार? प्रत्येकानं आपापली पिशवी उपडी केली, एक फासा डीएमनं पडद्यामागून सरकवला. बेरीज आली ५८, मंतरलेल्या तलवारीचे १२ वेगळे. रेथ तिथेच संपलं. सॉर्सररनं पुरवलेली ताकद पॅलॅडिनच्या हातून उतरली, आणि दोन क्लास एकत्र आणण्याचं कारण मला यापेक्षा स्पष्ट दाखवता येणार नाही.

२०१४च्या त्या पुस्तकात एक फटही होती. क्विकन्ड स्पेल वापरून बोनस ॲक्शनमध्ये स्पेल टाकला की त्याच टर्नमध्ये कँट्रिपखेरीज दुसरा स्पेल टाकता येत नाही. पण स्माइट हा स्पेल नव्हताच, ते क्लासचं अंगभूत कसब होतं. त्यामुळे फायरबॉल आणि स्माइट एकाच टर्नमध्ये बसायचे. २०२४च्या पुस्तकानं स्माइटलाच स्पेल करून टाकलं. आता तो बोनस ॲक्शन खातो, आणि एका टर्नमध्ये स्पेलसाठी एकच स्लॉट खर्चता येतो. फट बुजली. मला हा बदल पटतो. वार बसल्यावर ठरवण्याची मुभा त्यांनी ठेवली आहे, आणि जपायला हवी होती ती तीच.

पत्रलेखकांनी विचारलेलं नाही, तरी सांगतो: पॅलॅडिन दोनवर सोडण्याची घाई मला कधीच पटलेली नाही. पाचव्या लेव्हलला एक्स्ट्रा अटॅक मिळतो आणि दोन वार म्हणजे २० पडण्याच्या दोन संधी. सहाव्या लेव्हलला ऑरा ऑफ प्रोटेक्शन येतो. दहा फुटांतल्या सोबत्यांच्या प्रत्येक सेव्हिंग थ्रोमध्ये तुमचा करिश्मा मिळवला जातो. करिश्मा सॉर्सररला लागतोच, म्हणजे एकाच गुणावर दोन्ही क्लास पोसले जातात. स्पेल उशिरा येतील, येऊ देत. आधी सहा पॅलॅडिन, मग सॉर्सरर, हा क्रम माझा आवडता.

आज हे सगळं लेव्हल वाढताना सहज ठरवता येतं, पण १९७८च्या ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये गॅरी गायगॅक्सनं माणसांना फार कडक अट घातली होती. क्लास बदलायचा तर पहिल्याच्या मुख्य गुणात १५ आणि नव्याच्या गुणात १७ हवेत. नव्या क्लासची लेव्हल जुन्याच्या पुढे जाईपर्यंत जुनी विद्या वापरली, तर त्या मोहिमेचा अनुभव शून्य. जुना लढवय्या जादूगार झाला आणि जीव वाचवायला जुन्या सवयीनं लढला, तरी त्या मोहिमेचं त्याच्या खात्यात काही जमा नाही! लेव्हलमागून लेव्हल मनाप्रमाणे क्लास निवडायची मोकळीक २०००च्या तिसऱ्या आवृत्तीनं दिली. गायगॅक्सच्या नियमात एक करारीपणा आहे आणि तो मला अजून ओढतो, त्यावर कधीतरी सविस्तर लिहीन.

वॉरलॉकबद्दल तोवर एवढं धरून ठेवा. त्याच्या लेव्हल त्या सातच्या बेरजेत येत नाहीत, त्याचे पॅक्ट स्लॉट वेगळे राहतात. तीन लेव्हलच्या वॉरलॉककडे दुसऱ्या पातळीचे दोन असतात आणि शॉर्ट रेस्टनंतर ते परत मिळतात. स्माइटला तेही चालतात. आपल्या कॅरेक्टरचा कागद घेऊन दोन शॉर्ट रेस्टच्या दिवसात किती फासे होतात ते मोजून ठेवा. पुढच्या आठवड्यात तिथूनच सुरुवात करू.