दुखणाईत मूल आणि साथीचें भय

साथीच्या काळांत रुग्णांची गणती होते. परंतु जें मूल आधींपासूनच दुखणें अंगावर वागवीत असतें, त्याच्या मनावर साथीचा कोणता भार पडतो, याची विचारपूस क्वचितच होते. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांत, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत, बपेरा हें गांव आहे. हा सारा पूर्व विदर्भ सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारानें ग्रासलेला प्रदेश होय.

या विकारांत रक्तांतील तांबड्या पेशी विळ्याप्रमाणें वांकतात. निरोगी पेशी सुमारें 120 दिवस जगते. विळ्याच्या आकाराची पेशी 10 ते 20 दिवसांतच नष्ट होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या म्हणजे हातापायांत, पाठींत वा पोटांत असह्य कळा उठतात. थंडी, शरीरांतील पाण्याची उणीव, ताप आणि अतिश्रम यांप्रमाणेंच मनावरील ताणानेंही कळ उठूं शकते. तेव्हां अशा मुलाचें मन स्वस्थ राखणें हा त्याच्या उपचाराचाच एक भाग होय.

25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी झाली. शाळा मिटल्या, आगगाड्या थांबल्या, राज्यांच्या सीमांवर पहारे बसले. अशा वेळीं सीमेवरील गांवच्या आजारी मुलापुढें दुहेरी भय उभें राहतें. कळ उठली तर तुमसर वा भंडारा गांठावयाचें कसें, हें एक. आणि रुग्णालयांत गेल्यास साथ जडेल, हें दुसरें. यांहून खोल असें तिसरें भय म्हणजे, आपल्यापायीं घर संकटांत पडेल. या भयापोटीं मूल कळ लपवितें. आरंभींच पाणी, ऊब व वैद्यानें सांगितलेलें औषध मिळाल्यास पुष्कळदां आटोक्यांत येणारी कळ दडविल्यानें बळावते. ताप येणें, छातींत दुखणें वा धाप लागणें हीं लक्षणें तर घरीं सोसावयाचीं नव्हतच. तेथें रुग्णालय गांठलेंच पाहिजे.

म्हणून मुलाला खरें तेंच, पण त्याला पेलेल इतकेंच सांगावें. "कांहीं होत नाहीं" या शब्दांनीं त्याचें समाधान होत नाहीं. अडचणीच्या वेळीं वाहन कोणाचें, निरोप कोणाला, हें आधीं ठरवून त्याला दाखविल्यानें होतें. निजण्या-उठण्याच्या वेळा ठरीव असाव्या, दिवसभरांतील पाण्याचे पेले मोजण्याचें काम त्याच्याकडेच द्यावें, आणि शाळासोबत्यांशीं त्याचें बोलणें तुटूं देऊं नये. मुख्य म्हणजे, त्यानें दुखतें म्हटल्यावर विश्वास ठेवावा.

दोषाची भाषाही घरांत नसावी. आईबाप दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला हा विकार होण्याचा संभव 4 त 1 असतो. त्यांत एकट्या आईला बोल लावणें अज्ञानाचें लक्षण होय, आणि तो बोल मूल ऐकत असतें. 1 जुलै 2023 रोजीं शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली व रक्ततपासणीला वेग आला. रक्तांतील दोष त्या तपासणींत उमगतो. मुलाच्या मनांतलें भय मात्र घरच्या माणसांनींच, त्याच्याजवळ बसून, विचारून घ्यावयाचें असतें.