बशीत मेले, म्हणून कासेत मरतील का?



अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनकडे नारळ-सुपारीच्या वाडीत दालचिनी लावतात, परड्यात गवती चहा असतो. या वनस्पतींच्या सुगंधी तेलाने औषधाला न जुमानणारे जंतू मरतात, असे आता कानावर येते. मग म्हशीची कास सुजली तर हेच तेल वापरावे का? आधी ही परीक्षा कशी होते ते पाहू.

जंतू औषधाला का जुमानत नाहीत?

औषध अर्धवट किंवा विनाकारण दिले की साधे जंतू मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच पैदास वाढते. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा काससुजीचा नेहमीचा जंतू. पेनिसिलिनला दाद न देणारे त्याचे प्रकार १९४० च्या दशकातच दिसू लागले. कोलिस्टिन हे माणसासाठी अगदी शेवटी वापरायचे औषध. ते दुभती जनावरे, कोंबड्या व मत्स्यशेतीत वापरण्यास भारत सरकारने २०१९ साली बंदी केली, ती याच कारणाने.

तेलाची परीक्षा

समुद्रशेवाळापासून काढलेला आगर पोषक रसात शिजवून काचेच्या बशीत खरवसासारखा थिजवतात. त्यावर रोगट दुधातले जंतू सारखे पसरतात. मग ६ मिलिमीटरची कागदी टिकली तेलात भिजवून ठेवतात. तुलनेसाठी नेहमीच्या औषधाचीही टिकली ठेवतात. बशी ३५ ते ३७ अंश सेल्सिअस उबेत १८ ते २४ तास राहते. टिकलीभोवती स्वच्छ कडे दिसले, तर तिथे जंतू वाढले नाहीत असे समजावे.

पण तेल पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ते थरात नीट पसरत नाही. म्हणून नळ्यांमध्ये तेल निम्मे-निम्मे पातळ करीत, कमीत कमी किती तेलाने जंतूंची वाढ थांबते तेही पाहतात.

बशी वेगळी, कास वेगळी

कासेत दूध असते. दुधातली चरबी व प्रथिने तेलाला धरून ठेवतात, त्याचा जोर कमी होतो. जोर वाढवायला निव्वळ तेल घातले तर सडाची आग होते, आतले अस्तर दुखावते. शिवाय सगळे तेल सारखे नसते. दालचिनीच्या सालीच्या तेलात सिनामाल्डिहाइड जास्त, पानाच्या तेलात युजेनॉल जास्त. म्हणून बशीतला गुण ही पहिली पायरी झाली. किती द्यावे, बाधेल का, दुधात किती उतरेल, हे जनावरांवर तपासल्याशिवाय ते औषध होत नाही.

आज काय करावे?

१. दूध काढण्यापूर्वी हात व कास धुऊन कोरडी करा. पहिल्या धारा वाटीत घेऊन बघा. गाठी, पाणी किंवा रक्त दिसले तर ती म्हैस शेवटी पिळा.

२. औषध सुरू करण्याआधी दुधाचा नमुना स्वच्छ उकळलेल्या बाटलीत घ्या, गार ठेवा आणि लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. कोणते औषध लागू पडेल ते तपासून कळते.

३. डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध पुरे करा. सूज उतरली म्हणून मधेच सोडू नका. उरलेले औषध शेजाऱ्याच्या जनावराला देऊ नका.

४. औषध चालू असताना, आणि नंतर वेष्टनावरील मुदत संपेपर्यंत, ते दूध विकू नका, घरातही वापरू नका.

५. कोणतेही सुगंधी तेल सडात घालू नका.

शंका असल्यास जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.